लेथ, बंदूक आणि कायदा



कामगारांच्या मागण्यांवर बोलणाऱ्या माणसाने बंदुकीचा विषय घ्यावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापुढे अधिक झाले. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने नव्हे, तर ज्यांच्या हाती यंत्र असते त्यांच्या बाजूने आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

मराठीत सुताराचा रंधा हे हत्यार आणि तलवार हेही हत्यारच. खंडेनवमीला लेथ मशीनला हार घालताना आम्ही हा भेद करीत नाही. कायद्याला मात्र तो करावा लागतो. तो कोठे करावा, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हा वाद अमेरिकेत पेटला आहे. संगणकातील आराखड्यावरून प्लॅस्टिकचे थर चढवून वस्तू घडविणारे थ्रीडी प्रिंटर तिथे घरोघरी पोचले. 2013 साली टेक्सासमधील कोडी विल्सन याने अशा यंत्रावरील पिस्तुलाचे आराखडे इंटरनेटवर खुले केले. अशा बंदुकीवर क्रमांक नसतो. ती कोणाची, याचा माग पोलिसांना लागत नाही. म्हणून 2023 साली न्यूयॉर्कच्या विधिमंडळात विधेयक आले, की प्रिंटर घेणाऱ्याचा गुन्हेगारी पूर्वेतिहास आधी तपासावा. 2026 च्या आरंभी तेथील गव्हर्नरांनी सुचविले, की बंदुकीचा भाग ओळखून काम थांबविणारी व्यवस्था यंत्रातच असावी.

त्यांची भीती खोटी नाही. परंतु उपाय चुकतो, असे आम्हास वाटते. नळी ही नळीच असते. ती पंपात बसेल की बंदुकीत, हे यंत्राने कसे ओळखावे? शिवाय अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदुकीचा एक सांगाडाच तेवढा बंदूक मानला. नळी आणि इतर सुटे भाग टपालानेही मिळू शकतात. मग तो सांगाडा घरी छापला की काम झाले. भोक कायद्याला आहे आणि बूच यंत्राला मारावयाचे, असा हा प्रकार. घरी जोडावयाच्या बंदुकांच्या संचांवर 2022 साली तेथील केंद्र सरकारने नियम घातला आणि मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो उचलून धरला. तो रस्ता आम्हास अधिक सरळ दिसतो.

आपला 1959 चा शस्त्र कायदा पाहा. त्यात शस्त्रांचे सुटे भाग, इतकेच नव्हे तर शस्त्रे बनविण्याची यंत्रसामग्रीही 'शस्त्र' या व्याख्येत येते. तरी भोसरीच्या गाळ्यातील लेथ मशीनला शस्त्राचा परवाना लागत नाही. कायदा यंत्र पाहतो, पण ते कशासाठी आहे हेही पाहतो. ही मर्यादा ओलांडली की काय होते, ते 1878 साली लॉर्ड लिटनने दाखविले. त्याच एका वर्षी शस्त्र कायदा आला आणि देशी वृत्तपत्रांचाही आला. छापखान्याकडून जामीन मागावा, प्रसंगी यंत्रेच जप्त करावीत, असा त्याचा खाक्या होता.

आता आमच्या घरची गोष्ट. आमचा एक सभासद एका लहान गाळ्यात टर्नर होता. एक गिऱ्हाईक आले. ड्रॉइंग नाही, नुसता नमुना. काही नळ्या करून हव्या, पैसे रोख, चलन नको. महिन्याभराने पोलीस आले. टर्नरला नेले, मशीन सीलबंद झाले. मालकाने कानांवर हात ठेवले. टर्नर पुढे निर्दोष सुटला. पण तोवर गाळ्यातील पाच जणांच्या घरची चूल थंडावली. आम्ही विचारले, "तुला शंका आली नव्हती का?" तो म्हणाला, "आली होती, अण्णा. पण विचारलं असतं तर नोकरी गेली असती."

या उत्तराने आम्ही खजील झालो. बोनस आणि महागाईभत्त्याच्या धावपळीत 'शंका आली तर विचार, आम्ही पाठीशी आहोत' असे आम्हीही त्याला कधी सांगितले नव्हते.

म्हणून आमचे म्हणणे असे. यंत्राला परवाना नको. कामाला नाव हवे. प्रत्येक जॉबचे चलन असावे, काम आणणाऱ्याचे नाव वहीत असावे, त्याची जबाबदारी मालकाने घ्यावी आणि संशयास्पद काम नाकारणाऱ्या कामगाराची नोकरी सुरक्षित राहावी.

कोणी म्हणेल, घरात एकटा बसून बंदूक करणाऱ्याला कोण विचारणार? आक्षेप खरा आहे. 8 जुलै 2022 रोजी जपानमध्ये, नारा शहरात, शिंझो आबे यांचा घरी बनविलेल्या बंदुकीने बळी घेतला; आणि जपानचे बंदूकविषयक कायदे तर जगातील अतिकडक कायद्यांत मोडतात. तेव्हा सर्व दारे बंद करणारा कायदा आम्हीही दाखवू शकत नाही. नळी, काडतूस आणि बनविण्याचे कृत्य यांवर कायद्याने जरूर कडक नजर ठेवावी. पण एकट्याच्या भीतीपोटी हजारो कष्टकऱ्यांच्या हातातील हत्यार संशयित ठरवू नये. ज्या गाळ्यात 'हे कशासाठी?' असे निर्भयपणे विचारता येते, तिथे कट्टा बनणे अवघड जाते. ती निर्भयता निर्माण करणे हे सरकारइतकेच आमच्या युनियनचेही काम आहे.