एकीकडे सोयाबीन, दुसरीकडे सॅटेलाइट

आज जरा लांब जायचंय.

मागच्या महिन्यात एका रविवारी मी एक उद्योग केला. ब्राझीलची इन्पे नावाची सरकारी अवकाश संशोधन संस्था आहे, तिच्या साइटवरून एक सॅटेलाइट इमेज डाउनलोड केली. चक्क फुकट. जागा होती रोंडोनिया, ॲमेझॉनच्या जंगलाच्या दक्षिण कडेचं राज्य. झूम केलं तर हिरव्या जंगलात माशाचा काटा ठेवल्यासारखं दिसत होतं. मधे एक रस्ता आणि दोन्ही बाजूंना फुटलेल्या सरळ पट्ट्या. जंगल तिथे असंच तुटत गेलंय. आधी रस्ता, मग फाटे, मग गुरांची कुरणं, आणि बऱ्याच ठिकाणी त्यामागून सोयाबीन.

फाइलच्या नावात सुरुवातीलाच होतं 'सीबर्स', म्हणजे चायना ब्राझील अर्थ रिसोर्सेस सॅटेलाइट. मी म्हटलं, चीन आणि ब्राझील? यांचं कुठे जुळलं?

खरं तर जुळायचं काही कारणच नव्हतं. ब्राझिलियात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा बीजिंगमध्ये दुसऱ्या दिवशीचे सकाळचे आठ झालेले असतात. १९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि लगेच तिथे आलेल्या नऊ चिनी लोकांना, पत्रकार आणि व्यापारी प्रतिनिधींना, तुरुंगात टाकलं. कम्युनिस्ट म्हणजे शत्रू, विषय संपला. पण दहाच वर्षांनी, ऑगस्ट १९७४ मध्ये, त्याच लष्करी राजवटीने चीनच्या कम्युनिस्ट सरकारला मान्यता दिली. बाजारपेठ दिसली की विचारसरणी थोडी बाजूला सरकते, दुसरं काय!

१९८८ मध्ये ब्राझीलचे अध्यक्ष सार्नी बीजिंगला गेले आणि सॅटेलाइटचा करार झाला. खर्च चीनचा ७० टक्के, ब्राझीलचा ३०. दोघांकडेही अवाढव्य जमीन, आणि तिचे फोटो मिळवायला बरंच अवलंबून राहायचं परक्या सॅटेलाइटवर. पहिला सीबर्स ऑक्टोबर १९९९ मध्ये चिनी रॉकेटवरून गेला. पुढच्या पिढीच्या सॅटेलाइटसाठी वाटणी निम्मी-निम्मी झाली. डिसेंबर २०१३ मध्ये सीबर्स-३ च्या वेळी रॉकेटचं इंजिन काही सेकंद आधीच बंद पडलं आणि सगळं गेलं. प्रॉडक्शनवर रिलीज फसल्यावर टीमची काय हालत होते ते माहितीये ना? इथे तर रोलबॅकसुद्धा नाही. तरी त्याचा जुळा भाऊ सीबर्स-४ वर्षभरात वर पाठवला.

पण मला सगळ्यात भारी वाटली ती २००४ ची गोष्ट. ब्राझीलने आपल्या लोकांसाठी हे फोटो इंटरनेटवर फुकट केले. अमेरिकेने लँडसॅटचा साठा खुला केला तो २००८ मध्ये, म्हणजे नंतर. त्याच २००४ मध्ये इन्पेने 'डेटेर' सुरू केलं. जंगल कुठे तुटतंय याचा जवळजवळ रोजचा अलर्ट. नंतर त्यात सीबर्स-४ चा कॅमेरा आला, आणि सोबत आपल्या इस्रोच्या रिसोर्ससॅटचाही! २००४ मध्ये ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये वर्षाला २७ हजार चौरस किलोमीटरच्या वर जंगल जात होतं, २०१२ मध्ये तो आकडा साडेचार हजारांच्या आसपास आला. नुसत्या सॅटेलाइटमुळे नाही हं. छापे पडले, दंड झाले, सोया कंपन्यांनी नव्याने तोडलेल्या जमिनीवरचा माल न घ्यायचं ठरवलं. पण छापा टाकायला आधी पत्ता लागतो, आणि तो वरून मिळत होता.

आता दुसरी बाजू. २००९ मध्ये अमेरिकेला मागे टाकून चीन ब्राझीलचा सगळ्यात मोठा व्यापारी भागीदार झाला. चीनला हवं लोहखनिज आणि सोयाबीन. सोयाबीन कशाला? तेल काढायला, आणि पेंड डुकरं-कोंबड्यांना घालायला. २०१८ मध्ये चीनने अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के जादा कर लावला आणि बरीच मागणी ब्राझीलकडे वळली. म्हणजे ज्या दोस्तीतून जंगलावर नजर ठेवणारा कॅमेरा आला, त्याच दोस्तीतून जंगलाच्या जमिनीला गिऱ्हाईकही आलं. हे मला अजून नीट पचलेलं नाही.

२०१९ मध्ये डेटेरचे आकडे वाढले. अध्यक्ष बोल्सोनारो म्हणाले, आकडे खोटे आहेत. इन्पेचे संचालक रिकार्डो गाल्व्हाओ यांनी जाहीरपणे उत्तर दिलं आणि ऑगस्टमध्ये त्यांची खुर्ची गेली. पण संचालक बदलला तरी फोटो सगळ्यांसाठी खुले होते, कोणीही मोजून बघू शकत होतं. त्या वर्षीचा पक्का आकडा दहा हजार चौरस किलोमीटरच्या वर निघाला. गाल्व्हाओ २०२३ मध्ये ब्राझीलच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचे अध्यक्ष झाले, हेही सांगून टाकतो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये अध्यक्ष लुला बीजिंगला गेले आणि सीबर्स-६ चा करार झाला. यात रडार असणार आहे. ॲमेझॉनवर महिनोन् महिने ढग असतात, साध्या कॅमेऱ्याला खालचं काही दिसत नाही. रडारला ढग आडवे येत नाहीत.

माझ्या त्या रविवारच्या इमेजमध्येही डावा कोपरा पूर्ण पांढरा होता. त्याच्याखाली काय चाललंय, ते मला दिसलं नाही.

चला, भेटू पुढच्या भागात!