प्रौढ विद्यार्थी आणि आपले ग्रंथालय
(शताब्दी समारंभात दिलेले भाषण)



शताब्दीच्या प्रसंगी संस्थेच्या गतवैभवाचे स्मरण करण्याची प्रथा आहे. मी मात्र अद्याप आपले सभासद न झालेल्या वाचकांविषयी बोलणार आहे. शाळा अर्धवट सुटली, संसारात वा कामधंद्यात वर्षे गेली, आणि आता दहावी-बारावी होऊन महाविद्यालयाची पायरी चढावी असे ज्यांना वाटते, ते हे वाचक.

हैदराबादेत हा विषय निघाला की दुर्गाबाई देशमुखांचे स्मरण अपरिहार्य आहे. १९५३ साली चिंतामणरावांशी विवाह झाल्यामुळे आपण त्यांना मराठी घरातल्या मानतो. परंतु त्यांचे या क्षेत्रातील कार्य त्यापूर्वीचे. मिठाच्या सत्याग्रहात कारावास भोगून आल्यावर, शाळेचे वय उलटून गेले असता, त्यांनी अभ्यास करून बनारस हिंदू विश्वविद्यालयाची मॅट्रिक परीक्षा दिली. पुढे त्या पदवीधर आणि वकील झाल्या. स्वतः चढलेली वाट त्यांनी इतरांसाठी मोकळी केली. मद्रासला त्यांच्या आंध्र महिला सभेत स्त्रियांना याच परीक्षेसाठी शिकवीत. केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८ साली प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले, त्यामागेही हाच अनुभव होता. जगण्याने जाणत्या झालेल्या माणसाला पुन्हा पहिल्या बाकापासून बसविण्याचे कारण नाही, हे त्यातील सूत्र.

आज दारे अधिक आहेत. देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली याच शहरात निघाले. राष्ट्रीय मुक्त विद्यालय १९८९ साली स्थापन झाले. त्याच्या माध्यमिक परीक्षेला वयाची चौदा वर्षे पूर्ण हवीत. वरची मर्यादा नाही. पाच विषय उत्तीर्ण व्हायचे, तेही सवडीने. पाच वर्षांत नऊ वेळा बसता येते. मराठी माध्यमाचीही सोय आहे.

मग अडते कुठे? माझाच एक अनुभव सांगतो. बाहेरून परीक्षा देऊन आलेल्या विद्यार्थ्यांविषयी माझे मत फारसे चांगले नव्हते, हे प्रांजळपणे कबूल करतो. एका वर्षी चाळिशीच्या एक बाई प्रथम वर्षाच्या वर्गात आल्या. चाचणीच्या वेळी त्या नुसत्याच बसून राहिल्या. विचारले तेव्हा म्हणाल्या, "सर, उत्तर पाठ आहे; पण प्रश्न थोडा फिरवला की हात थांबतो."

दोष त्यांचा नव्हता. मार्गदर्शिका पाठ करून प्रमाणपत्र मिळते. परंतु सलग पन्नास पाने वाचणे, त्यांतील मुद्दा ओळखणे आणि तो स्वतःच्या शब्दांत मांडणे, ही महाविद्यालयाची खरी तयारी त्यांच्याकडून कोणी करून घेतली नव्हती. घरी निवांत कोपरा नाही, बरोबर शिकणारे कोणी नाही, आणि शंका विचारायची तर वयाचा संकोच. त्या बाई दुसऱ्या वर्षी आल्या नाहीत. त्यांना थांबवून घेण्यासाठी मी काही केले नाही, याची खंत आजही आहे.

परीक्षा घेणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. त्यांना देता येत नाही ते आपल्यापाशी आहे : सायंकाळी रिकामे राहणारे वाचनालयाचे दालन, कपाटांतील ग्रंथ, आणि आपल्याच सभासदांतील निवृत्त शिक्षक. आठवड्यातून तीन सायंकाळी दोन तास हे दालन अशा विद्यार्थ्यांना द्यावे. त्यांच्याकडून अनामत रक्कम घेऊ नये. एक तास परीक्षेच्या अभ्यासाला, दुसरा वाचलेल्यावर चार ओळी लिहिण्याला. सुरुवातीस पाच जण आले तरी पुरे.

शंभर वर्षे आपण वाचकांना ग्रंथ दिले. दुसऱ्या शतकाच्या आरंभी, ज्यांना वाचक होण्याची संधी एकदा हुकली त्यांना ती पुन्हा द्यावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.