जंगलातील दारूकोठार आणि त्याचे भाडेकरू



चेक प्रजासत्ताकाच्या पूर्वेस, स्लोव्हाकियाच्या सीमेनजीक, मोराव्हियाच्या डोंगराळ मुलखात व्रब्येतित्से नावाचे खेडे आहे. त्याच्या शेजारच्या जंगलात लष्कराची दारूगोळ्याची कोठारे होती. त्यांची हकिगत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अभ्यासावी अशी आहे.

चेकोस्लोव्हाकिया हा शस्त्रे विकणारा मोठा देश होता. सत्तांतरानंतर, जानेवारी १९९० मध्ये, परराष्ट्रमंत्री यिरी डीन्स्टबीर यांनी या व्यापारातून बाहेर पडण्याचा मनोदय जाहीर केला. संकल्प उदात्त होता. परंतु रणगाड्यांच्या कारखान्यांतील कामगारांनी उद्या काय करावे, याचे उत्तर त्यात नव्हते. तो टिकला नाही. १९९३ मध्ये देश दुभंगला, लष्कर आकुंचित झाले, शस्त्रव्यापारात खाजगी कंपन्या शिरल्या. लष्कराला नकोशी झालेली कोठारे संरक्षण खात्याच्या अखत्यारीतील एका सरकारी उपक्रमाने मग या व्यापाऱ्यांनाच भाड्याने दिली. हिशेबनीसाच्या लेखी रिकामी जागा म्हणजे नुकसानच ना!

१६ ऑक्टोबर २०१४ रोजी १६ क्रमांकाचे कोठार उडाले. आत पन्नास टनांहून अधिक दारूगोळा होता. भाडेकरू कंपनीचे दोन कामगार ठार झाले. ३ डिसेंबरला १२ क्रमांकाचे कोठार उडाले. त्यात सुमारे ९८ टन माल होता. आसपासच्या खेड्यांतील शेकडो लोकांना घरे सोडावी लागली. रानभर विखुरलेले न फुटलेले गोळे वेचून जमीन निर्धोक करण्याचे काम ऑक्टोबर २०२० पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे चालले.

१७ एप्रिल २०२१ रोजी चेक सरकारने या स्फोटांमागे रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याचा हात असल्याचे जाहीर करून अठरा रशियन अधिकाऱ्यांना देशाबाहेर काढले. रशियाने आरोप नाकारला आणि वीस चेक अधिकाऱ्यांना परत धाडले. एप्रिल २०२४ मध्ये तपास थांबवताना चेक पोलिसांनीही रशियन गुप्तहेरांवरच ठपका ठेवला. मी हा आरोप मुळीच हलका लेखत नाही. पण वाती कोणी लावली हे कळल्याने, बाजारात जाणारा माल खेड्यांच्या उशाशी कोणी आणून ठेवला, हा प्रश्न मिटत नाही. गुप्तहेरांच्या कथा वृत्तपत्रांना अधिक रुचतात, एवढेच.

भाडे ही एक किंमत असते, आणि किंमत दोन पक्षांत ठरते. येथे एक पक्ष शासन, दुसरा व्यापारी. जोखीम मात्र अंगावर घेतली तिसऱ्याने: रोजच्या पगारासाठी कोठारात शिरणाऱ्या कामगाराने आणि रानाकडेच्या शेतकऱ्याने. करारावर त्यांची सही नव्हती. भाड्याच्या आकड्यातही त्यांच्या जिवाची गणना नव्हती. भाड्याचे उत्पन्न हिशेबात वेळच्या वेळी जमा होते. खेड्यांना आणि तेथील रहिवाशांना एकरकमी भरपाई देणारा कायदा मात्र २०२१ मध्ये, स्फोटांनंतर सातव्या वर्षी झाला, आणि ती रक्कम सरकारी तिजोरीतून, म्हणजे सर्व करदात्यांच्या खिशातून गेली.