वाचावे की पाहावे?



आजच्या भाषणाचा विषय तुमच्यापैकीच एका मुलीने मला दिला आहे. मघाशी चहा घेत असताना ती जवळ आली आणि म्हणाली, "काका, काही समजून घ्यायचं असलं की फोनवर त्याचा व्हिडिओ असतो आणि लेखही असतो. मी व्हिडिओच बघते. बाबा म्हणतात, वाच. कोणाचं बरोबर?" मी तिला म्हटले, "भाषणात सांगतो." खरे सांगायचे तर तेव्हा मला उत्तर सुचलेच नव्हते. व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना एका माणसाची आठवण झाली आणि धीर आला. त्या माणसाची हकिकत आज तुम्हांला सांगणार आहे.

मी नोकरीनिमित्त जर्मनीत गेर्लिंगेन या गावात राहतो. हे गाव स्टुटगार्ट शहराला अगदी लागून आहे. तुम्हां नाशिककरांना ते नाव नवे वाटेल. पण तुमच्या गावातला मायको सर्कल तुम्हांला माहीत आहे. ज्या मायको कारखान्यावरून त्या चौकाला नाव पडले, त्या कंपनीचे नाव २००८ साली बदलून 'बॉश' झाले. त्या बॉशचे मुख्य कार्यालय गेर्लिंगेनच्या टेकडीवर आहे. आणखी एक साम्य सांगतो. तिथेही डोंगरउतारावर द्राक्षाचे मळे आहेत.

अशाच एका शेतकरी कुटुंबात १८२० साली योहानेस रेबमान जन्मला. 'रेब' म्हणजे द्राक्षवेल. तेव्हा रेबमान म्हणजे द्राक्षे पिकवणारा. आडनावाने मळ्यात ठेवले, पण हा तरुण धर्मप्रसारक होऊन १८४६ साली आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोंबासाजवळ जाऊन पोहोचला. तिथून तो पायी आतल्या मुलखात जाऊ लागला. ११ मे १८४८ रोजी सकाळी त्याला दूर एका उंच पर्वताच्या माथ्यावर काहीतरी पांढरे चमकताना दिसले. वाटाड्याला त्याने विचारले, हे काय आहे? वाटाड्याजवळ बर्फाला शब्दच नव्हता. तो एवढेच म्हणाला, "बारिदी." म्हणजे थंडी. रेबमान बर्फाच्या देशातला. त्याने ओळखले. तो पर्वत होता किलिमांजारो.

रेबमानने पाहिलेले लिहून काढले. १८४९ साली ते लंडनच्या एका नियतकालिकात छापून आले. आणि काय झाले? विद्वानांनी ते मानलेच नाही. किलिमांजारो विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंशांवर आहे. तिथे बर्फ? डेस्बरो कूली नावाच्या इंग्रज भूगोलतज्ज्ञाने तर रेबमानला खोटेच ठरवले. त्याला जे दिसले तो मनाचा खेळ आहे, अशी त्याची समजूत. गंमत अशी, की कूलीने स्वतः आफ्रिकेत कधी पाऊल ठेवले नव्हते. लंडनला बसून, जुने ग्रंथ चाळून तो हे सांगत होता.

तुम्ही मात्र भूगोलात शिकला आहात, की उंच जावे तसे तापमान कमी होते. दर एक किलोमीटरला साधारण सहा अंश सेल्सिअस. किलिमांजारोची उंची ५,८९५ मीटर आहे. पायथ्याच्या पुढे समुद्रकिनाऱ्यावर तीस अंश उष्णता असली, तर शिखरावर किती राहील? वहीच्या कोपऱ्यात हिशेब करून पाहा. उत्तर शून्याच्या खाली येते. पुढे १८६१ आणि १८६२ साली फॉन डेर डेकेन हा जर्मन प्रवासी त्या पर्वतावर मोजमापे घेऊन आला, तेव्हा कुठे वाद मिटला. रेबमानचे खरे शब्द तेरा-चौदा वर्षे अंगणात उभे राहिले होते.

आता त्या मुलीला वाटत असेल, "बघा! रेबमानजवळ व्हिडिओ असता तर एका मिनिटात सगळ्यांची तोंडे बंद झाली असती." अगदी खरे आहे. पण गोष्ट इथे संपत नाही.

रेबमान आणि त्याचा सहकारी एर्हार्ट यांनी किनाऱ्यावर येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून आतल्या प्रदेशाची माहिती गोळा केली. कोणी उत्तरेच्या वाटेने गेलेला, कोणी मधल्या, कोणी दक्षिणेच्या. प्रत्येकजण सांगे, की आमची वाट एका प्रचंड तलावाशी संपते. या दोघांनी ते सगळे जोडले आणि १८५५च्या सुमारास एक नकाशा काढला. त्यात आफ्रिकेच्या पोटात एकच लांबलचक तलाव पसरला होता. त्याचा आकार पाहून लोक त्याला 'गोगलगायीचा नकाशा' म्हणू लागले. हा नकाशा पाहून लंडनमध्ये खळबळ उडाली. त्याची शहानिशा करायला बर्टन आणि स्पीक या दोघांना पाठवण्यात आले. १८५८ साली त्यांनी पाहिले, की तलाव एक नाही. टांगानिका वेगळा, व्हिक्टोरिया वेगळा. आणि दक्षिणेचा न्यासा तिसराच.

पाहा कसे झाले! ज्याने डोळ्यांनी बर्फ पाहिला त्याचे लिहिणे खरे होते, ते कोणी मानले नाही. ऐकीव माहितीवरून काढलेले चित्र चुकीचे होते, पण ते पाहताच मोहीम निघाली. चित्राची ओढ अशी असते. आणि ती वाईट म्हणावी तर त्या चुकीच्या चित्रामुळेच पुढचे खरे शोध लागले, हेही विसरून चालणार नाही.

पण ते चित्र चुकले का? माझ्या मते कारण असे. लिहिताना माणूस म्हणू शकतो, "इथपर्यंत मला ठाऊक आहे, यापुढे केवळ ऐकले आहे." चित्र काढताना ही सोय फार थोडी. एका व्यापाऱ्याच्या तलावाचा काठ आणि दुसऱ्याच्या तलावाचा काठ यांच्या मधे काय आहे, हे माहीत नव्हते. पण रेघ कुठेतरी न्यावीच लागते. ती नेली, आणि तीन तलावांचा एक झाला.

हे आपल्याकडेही रोज घडते. तुमच्यापैकी पुष्कळजण रायगडावर गेले असतील. महाराजांच्या राजवाड्याची दगडी जोती तेवढी तिथे उरली आहेत. वरचे लाकडी काम १८१८ सालच्या इंग्रजांच्या तोफमाऱ्यात लागलेल्या आगीत जळून गेले. आता संगणकावर तयार केलेला एखादा व्हिडिओ लावा. त्यात राजवाडा उभा असतो. खांबांवर नक्षी असते, पडद्यांना रंग असतो, छताला झुंबरे असतात. पाहताना छाती भरून येते. माझीही येते. पण ती नक्षी कोणी पाहिली? तो रंग कोणत्या कागदात लिहिला आहे? व्हिडिओ हे सांगत नाही, कारण तिथे कोरी जागा ठेवली तर प्रेक्षक उठून जाईल. चांगला इतिहासकार मात्र सरळ लिहितो, की याविषयी पुरावा नाही.

आजकाल तर संगणक कधीही न घडलेल्या प्रसंगाचेही हुबेहूब चित्रण तयार करतो. कूलीला 'पुरावा काय?' असे विचारण्याची खोड होती. ती त्याने चुकीच्या माणसावर चालवली, हे त्याचे दुर्दैव. पण खोड वाईट नव्हती. रेबमानने निदान तारीख लिहिली होती. तुम्ही आज किलिमांजारोचा व्हिडिओ पाहिलात, तर तो कोणत्या वर्षी घेतला हे त्यात सांगितले आहे का? त्या शिखरावरचा हिमनद्यांचा बर्फ १९१२ पासून चार-पंचमांशाहून अधिक नाहीसा झाला आहे. वर्ष कळल्याशिवाय, आपण आजचा पर्वत पाहतो आहोत की जुना, हे कसे ठरवणार?

हे ऐकून बाबांची बाजू जिंकली असे समजू नका. जे हातांनी करायचे असते, जे हलते, वाढते, ते शब्दांत पकडणे फार अवघड. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' हे पुस्तक १९७० साली निघाले. वाटी-चमच्याच्या मापाने त्यांनी किती घरांत स्वयंपाक शिकवला असेल! उकड किती वेळ वाफवायची, गूळ किती घालायचा, हे पुस्तकातून नेमके कळते. पण मोदकाच्या कळ्या? तिथे आजीची बोटेच पाहिली पाहिजेत. परदेशात मला आजी कुठून मिळणार? मी व्हिडिओ लावला, थांबवला, मागे नेला, पुन्हा पाहिला. तरी पहिले पाच मोदक फुटले. सहावा कसाबसा मोदक म्हणण्याजोगा झाला.

तुमच्या त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांना हे पुरेपूर उमगले होते. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. त्याच्याआधी चित्रपटासाठी पैसे उभे करायचे होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ तो रोज थोडा थोडा चित्रित केला. मग पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटला, वर आला, वेल झाला. वाटाणा कसा उगवतो यावर दहा पाने लिहिली असती तरी ते आश्चर्य त्यांत आले नसते. आणि 'राजा हरिश्चंद्र' मूकपट असल्यामुळे त्यात मधूनमधून लिहिलेल्या पाट्या दाखवाव्या लागत, हेही लक्षात ठेवा. चित्राला शब्दांचा हात धरावाच लागला.

काही गोष्टी अगदी व्यवहाराच्या आहेत. औषध किती घ्यायचे, अर्जाची शेवटची तारीख कोणती, हे शोधायला वीस मिनिटांचा व्हिडिओ पाहणे म्हणजे नखभर कामासाठी दिवसभर खोळंबा. लिहिलेल्या पानावर नजर टाकली की ती ओळ सापडते. माझे हे भाषण लिहून पाठवले तर ते वीस-पंचवीस किलोबाइटचे होईल. त्याच्या एका मिनिटाच्या चित्रणालाच त्याच्या शेकडो पट जागा लागेल. ज्या वाडीवर फोनला रेंज मिळवायला टेकडीवर चढावे लागते, तिथल्या मुलाला पान मिळेल. व्हिडिओ फिरत राहील. आणि ज्याला दिसत नाही त्याला फोन लिहिलेला मजकूर वाचून दाखवतो. नुसत्या चित्रांचा त्याला काय उपयोग? उलट ज्याला ऐकू येत नाही, त्याला खाली मजकूर नसलेल्या व्हिडिओतली बडबड निरुपयोगी.

रेबमानवरही तशी वेळ आली. एकोणतीस वर्षे तो आफ्रिकेत राहिला, एकदाही घरी गेला नाही. १८७५ साली परतला तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. ज्या डोळ्यांवर कूलीने विश्वास ठेवला नाही, ते डोळे आता खरोखरच मिटले होते. पुढच्याच वर्षी गेर्लिंगेनजवळच्या कोर्नटाल गावात तो वारला.

जाताना त्याने एका शब्दकोशाचे हस्तलिखित मागे ठेवले. न्यासा तलावाकडून गुलाम म्हणून किनाऱ्यावर आणलेल्या सालिमिनी नावाच्या माणसाजवळ बसून, एकेक शब्द विचारून त्याने तो केला होता. १८७७ साली तो छापला गेला. त्याच वर्षी अमेरिकेत एडिसनने माणसाचा आवाज साठवणारे पहिले यंत्र तयार केले. सालिमिनीला त्याला फार उशीर झाला होता. त्याने सांगितलेले शब्द आणि त्यांचे अर्थ आज कोणालाही वाचता येतात. ते शब्द तो कसे उच्चारत असे, बोलताना हसत असे की गंभीर असे, हे मात्र आता कळायला मार्ग नाही.