जाळ्याचे रूळ कोणी आखावयाचे?



संगणकांच्या जाळ्यांची आंतरराष्ट्रीय मानके हा अभियंत्यांचा प्रांत आहे, अर्थशास्त्राच्या निवृत्त मास्तराने त्यात पडू नये, असे काहींना वाटेल. मराठवाड्यातील माणसाला तसे वाटणार नाही. निजामाच्या काळात मनमाडपासून पुढे मीटरगेजचा रूळ पडला. मुंबईचा रूळ ब्रॉडगेज होता. त्यामुळे 1990 च्या दशकात रुंदीकरण होईपर्यंत मनमाडला माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हलवावा लागे. रुळांमधले अंतर ठरविणारे केव्हाच गेले. त्या हमालीचा भुर्दंड मात्र पुढल्या पिढ्यांनी सोसला.

आता जाळ्यांकडे वळू. जाळ्याच्या प्रत्येक नाक्यावर राउटर वा स्विच नावाचे यंत्र असते. माहितीने कोणत्या वाटेने जावे हे ठरविणे आणि तिला प्रत्यक्ष पुढे धाडणे, ही दोन्ही कामे हीच यंत्रे करीत आली. कंपन्या यंत्र आणि त्यातील आज्ञावली एकाच बंद पेटीत घालून विकत. 2008 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निक मॅक्‌कियन व त्यांचे सहकारी यांनी 'ओपनफ्लो' मांडला. ठरविण्याचे काम पेटीबाहेर काढून मध्यवर्ती नियंत्रक आज्ञावलीकडे सोपवावे आणि पेटीने केवळ तिचे हुकूम पाळावेत, अशी ही कल्पना. तिचा लाभ खरा आहे. दूरच्या केंद्रांना जोडणाऱ्या वाहिन्या बिघाडाच्या भीतीने सामान्यतः 30 ते 40 टक्केच वापरल्या जात. या पद्धतीने आपल्या कित्येक वाहिन्या जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालतात, असे गूगलने 2013 मध्ये जाहीर केले. पडून राहिलेले भांडवल कामाला लागले, असे आम्ही म्हणू.

परंतु नियम कोणी केले? 2011 मध्ये ओपन नेटवर्किंग फाउंडेशन स्थापन झाले. विक्रेत्यांचे नव्हे तर गिऱ्हाइकांचे मंडळ, असा त्याचा गौरव झाला. ही गिऱ्हाइके म्हणजे गूगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, याहू, व्हेरायझन आणि डॉइश टेलिकॉम! 2013 मध्ये सिस्को, आयबीएम आदी विक्रेत्यांनी 'ओपनडेलाइट' हा आपला प्रकल्प उभा केला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ही 1865 पासूनची, आज राष्ट्रसंघाच्या छत्राखालील संस्था. तिने 2012 मध्ये दुबईला या विषयावर ठराव केला आणि 2014 मध्ये वाय.3300 ही शिफारस काढली. तो केवळ आराखडा होता. तपशील तोवर इतरत्र ठरू लागले होते.

'खुले' या शब्दाची खरी परीक्षा पुढेच आहे. नियंत्रकाला दोन तोंडे असतात. एक खाली, यंत्रांकडे. दुसरे वर, उपयोग करणाऱ्या आज्ञावल्यांकडे. खालच्या तोंडाची भाषा ओपनफ्लोने प्रमाणित केली, तीही फुगत गेली. 2009 च्या आवृत्तीत माहितीच्या शीर्षकातील 12 रकाने ओळखले जात. 2013 च्या आवृत्तीत 41. वरच्या तोंडाला मात्र सर्वमान्य मानक लाभलेच नाही. प्रत्येक नियंत्रकाची बोली निराळी. म्हणजे पूर्वी गिऱ्हाईक पेटीला बांधलेले होते, ते आता नियंत्रकाला बांधले गेले. मनमाडचे स्थानक हलले, हमाली राहिलीच.

इंटरनेटची मानके करणाऱ्या आयईटीएफमध्ये सभासदत्व नाही, मतदान नाही. कोणीही यावे, बोलावे. तत्त्व उत्तम. पण वर्षातून तीन बैठका, निरनिराळ्या खंडांत. टपालयादीवर रोज चर्चा. पगार देऊन माणसे तेथे बसवणे कोणाला परवडते? उलट दूरसंचार संघात लहान राष्ट्रालाही मोठ्याइतकेच मत आहे, परंतु तेथील कामाची गती सरकारी फायलीची. मला यांपैकी कोणतीही एक संस्था पुरेशी वाटत नाही. सरकारांच्या हाती सर्व मानके द्यावीत असे म्हणणाऱ्या मित्रांशी माझा मतभेद आहे. पाळत ठेवू इच्छिणाऱ्या राजवटींचेही तेथे प्रत्येकी एक मत असते.

दूरसंचार संघाची मानकीकरण परिषद ऑक्टोबर 2024 मध्ये दिल्लीत भरली. यजमानपदाचा सोहळा झाला, ते ठीक. त्यापुढे दोन गोष्टी व्हावयास हव्यात. सार्वजनिक पैशातून जाळे खरेदी करताना निविदेतच अट असावी की नियंत्रकाच्या दोन्ही तोंडांची भाषा प्रसिद्ध केलेली असेल आणि दुसऱ्या उत्पादकाचा नियंत्रक बसवून दाखविल्यावाचून अखेरचा हप्ता मिळणार नाही. आणि आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील तरुण अध्यापकांना या बैठकांचा प्रवासखर्च सरकारने द्यावा, एकदा नव्हे, सलग पाच-सहा वर्षे. कारण मसुद्यातील एखादा परिच्छेद बदलून घ्यावयासही तेवढा काळ लागतो.