फिनलंडची विमाने आणि पूर्वेची वाट

एखाद्या विमान कंपनीने परक्या देशात नवा मार्ग सुरू केला, की वृत्तपत्रांत त्याची चार ओळींची बातमी येते. त्या चार ओळींमागे वाटाघाटींची किती वर्षे उभी असतात आणि नकाशावरील स्थानाला केवढी किंमत असते, हे फिनलंडच्या ‘फिनएअर’ या कंपनीच्या वाटचालीवरून फार चांगले कळते.

फिनलंड हा सुमारे छप्पन्न लाख वस्तीचा देश. २०११ च्या जनगणनेतील मुंबई शहराच्या निम्म्याहूनही ही वस्ती कमी. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीत सरकारचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. केवळ देशातील प्रवाशांच्या भरवशावर मोठी विमाने भरणार नाहीत, हे उघडच होते. तेव्हा प्रवासी बाहेरून आणावयाचे आणि बाहेरच पोचवावयाचे, असे धोरण कंपनीने आखले. जपान संपन्न झाला होता. पुढे चीनची बाजारपेठही झपाट्याने वाढू लागली. युरोपातून त्या देशांकडे जाणाऱ्यांनी हेलसिंकीला विमान बदलावे, अशी ही योजना होती.

हेलसिंकीच का, याचे उत्तर शाळेतील पृथ्वीगोलावर मिळते. भिंतीवरच्या सपाट नकाशात युरोपातून जपानला जाणारी सरळ रेघ मध्य आशियातून जाते. गोलावर मात्र दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो उत्तरेकडे, सायबेरियावर सरकतो आणि हेलसिंकी जवळजवळ त्याच्या वाटेवरच येते. तेथून टोकियो सुमारे ७,८०० किलोमीटर. भूगोलाच्या तासाला हा प्रयोग अवश्य करून दाखविण्यासारखा आहे.

परंतु दोरा ताणणे सोपे आणि विमान नेणे अवघड. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राला स्वतःच्या भूमीवरील आकाशावर पूर्ण अधिकार दिला. परक्या विमानाला तेथून जावयाचे तर परवानगी हवी. परस्परांना केवळ ओलांडून जाऊ देण्याचा वेगळा करार अनेक राष्ट्रांनी केला, पण सोव्हिएत संघ त्यात सामील झाला नाही. त्यामुळे युरोपातील बहुतेक कंपन्यांची विमाने अलास्कातील अँकरेजला इंधन भरून जपान गाठीत. फिनएअरने एप्रिल १९८३ मध्ये डीसी–१० विमान उत्तर ध्रुवावरून, सोव्हिएत हद्द टाळून, वाटेत कोठेही न उतरता टोकियोला नेले. प्रवास सुमारे तेरा तासांचा झाला. १९८८ मध्ये बीजिंगचा थेट मार्ग सुरू झाला.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाल्यानंतर सायबेरियाची वाट अधिक खुली झाली. ती फुकट मात्र नव्हती. युरोपीय कंपन्यांना त्यासाठी रशियाला भरभक्कम आकार मोजावा लागे आणि त्याविषयी युरोपात तक्रारीही होत. तरीही टोकियोचा प्रवास साडेनऊ तासांवर आला आणि फिनएअरच्या योजनेला खरे बळ मिळाले. युरोपातील शहरांहून आलेली विमाने दुपारी हेलसिंकीला उतरत; पूर्वेकडची विमाने त्यानंतर लगेच सुटत. एका विमानातून दुसऱ्यात जाण्यास कमीत कमी ३५ मिनिटे पुरतील, अशी विमानतळाची रचना होती. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंतर कमी असल्याने एकच विमान चोवीस तासांत पूर्व आशियाला जाऊन परत येऊ शके. पॅरिस किंवा लंडनच्या कंपनीला हे साधणे कठीण होते. ज्या विमानाची किंमत अवाढव्य, ते जमिनीवर जितका कमी वेळ उभे राहील तितके बरे, हा हिशेब एस.टी.च्या आगारातही सर्वांना ठाऊक असतो.

शहरांची निवडही विचारपूर्वक झाली. बीजिंग, शांघाय येथे सगळेच जातात. फिनएअर २०१२ मध्ये चुंगचिंगला आणि २०१३ मध्ये शीआनला गेली. दिल्लीचा मार्ग त्याआधीच, २००६ मध्ये, सुरू झाला होता. २०१४ मध्ये जपान एअरलाइन्सशी भागीदारी होऊन जपान–युरोप वाहतूक संयुक्तपणे चालू लागली. २०१५ मध्ये एअरबस ए–३५० हे नवे विमान युरोपात प्रथम वापरण्याचा मानही फिनएअरला मिळाला.

युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले. २८ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने उत्तरादाखल ३६ देशांच्या विमान कंपन्यांना आपल्या हद्दीत बंदी केली. लंडनच्या कंपनीचे त्यामुळे काही तास वाढले. हेलसिंकीचे मात्र वाटेवर असणेच संपले. टोकियोला पुन्हा तेरा तास लागू लागले आणि एका दिवसात परत येण्याचे गणित मोडले. चिनी कंपन्यांना बंदी नसल्याने त्यांची विमाने जुन्याच जवळच्या वाटेने युरोपात येत राहिली. स्पर्धेतील हा फरक तर अधिकच बोचणारा होता.

कंपनीला हा धोका आधी दिसावयास हवा होता, असे म्हणणे सोपे आहे. पण एवढ्या लहान देशाच्या हाती नकाशावरील जागेखेरीज दुसरे भांडवल फारसे नव्हते, हेही ध्यानात घ्यावे लागते. टीका करावयाची तर ती इतकीच, की लांब पल्ल्याच्या ताफ्याचा एवढा मोठा भाग एकाच दिशेवर विसंबून होता.

त्यानंतरची फेररचना मात्र जलद झाली. २०२२ मध्येच अमेरिकेतील डॅलस व सिॲटल येथे आणि भारतात मुंबईला उड्डाणे सुरू झाली; दोहासाठी कतार एअरवेजशी करार झाला. काही विमाने वैमानिक व सेवकवर्गासह ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासला भाड्याने देण्याचे ठरले. चीनमधील बहुतेक शहरे सुटली, पण जपान सोडला नाही. १९८३ ची ध्रुवावरील वाट पुन्हा वापरात आली आणि त्या वाटेच्या प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचे प्रमाणपत्र देण्यात येऊ लागले. परतीची विमाने अनेकदा दक्षिणेकडून, कझाकस्तान व तुर्कस्तानवरून, वळसा घेऊन येत. २०२३ मध्ये ओसाका आणि २०२४ मध्ये नागोया ही ठिकाणे, हा सारा वळसा सोसून, कंपनीच्या वेळापत्रकात परत आली.