अंजिराचं झाड आणि मार्कची मांडणी

बायबलविषयी तुमच्याकडून आलेल्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतो: अंजिरांचा हंगाम नसताना येशूनं अंजिराच्या झाडाला शाप का दिला? प्रश्न रास्त आहे. बर्ट्रांड रसेल यांनी १९२७ साली लंडनमध्ये आपण ख्रिस्ती का नाही हे सांगणारं व्याख्यान दिलं, त्यात त्यांनीही याच प्रसंगावर बोट ठेवलं होतं. झाडाचा काय दोष?

काही अभ्यासक वनस्पतिशास्त्राकडे वळतात. पालेस्टाइनमध्ये वसंतात पानांबरोबर कच्ची, लहान फळं धरतात, तीही या झाडावर नव्हती, असं ते सांगतात. माहिती बरोबर आहे, पण माझं त्यानं समाधान होत नाही. कारण हंगाम नव्हता हे आपल्याला कुणा टीकाकारानं सांगितलेलं नाही, खुद्द मार्कनं सांगितलं आहे. अडचण लपवायची असती तर त्यानं ते वाक्य गाळलं असतं. आपण तिथे थबकावं हीच त्याची इच्छा आहे.

तेव्हा आज मार्ककृत शुभवर्तमानाकडे कथनकलेचा नमुना म्हणून पाहू. चार शुभवर्तमानांपैकी हे सर्वांत जुनं, इसवी सन ७०च्या आसपासचं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. अध्याय अवघे १६. भाषा साधी, वेग मोठा. मार्क एक गोष्ट सुरू करतो, मध्येच थांबवतो, दुसरी पूर्ण सांगतो आणि मग पहिलीकडे परततो. सप्तशतीच्या पाठाला संपुट लावतात, तेव्हा श्लोकाच्या आधी आणि नंतर तोच मंत्र येतो. मार्कच्या मांडणीत बाहेरची गोष्ट आतल्या गोष्टीला अशीच कवेत घेते.

आता अकरावा अध्याय पाहा. येशू यरुशलेमेत येतो, मंदिरात जातो, सभोवार सगळं न्याहाळतो आणि संध्याकाळ झाली म्हणून बेथानीला परततो. काही करत नाही, नुसतं पाहतो. दुसऱ्या सकाळी त्याला भूक लागते. दुरून पानांनी भरलेलं अंजिराचं झाड दिसतं. जवळ जाऊन पाहतो तर पानांखेरीज काही नाही. तो शाप देतो, आणि शिष्यांनी ते ऐकलं, एवढं सांगून मार्क झाड तिथेच सोडतो. पुढच्याच वाक्यात आपण मंदिरात. सराफांचे चौरंग उलथतात, कबुतरं विकणाऱ्यांच्या बैठकी पालथ्या होतात. संध्याकाळी सगळे शहराबाहेर. आणि तिसऱ्या सकाळी शिष्य पेत्राला ते झाड मुळापासून वाळलेलं दिसतं.

क्रम लक्षात घ्या: मंदिर, झाड, मंदिर, झाड. दोन्हीकडे येशू आधी निरखून पाहतो. वल्हांडण सणाचे दिवस, मंदिरात यात्रेकरूंची रीघ, यज्ञबळींची खरेदी जोरात. लांबून पाहिलं तर सगळं हिरवंगार. झाडाला जे घडलं ते मंदिराविषयी बोलतं आहे. मार्कच्या पहिल्या श्रोत्यांपैकी ज्यांना यहुदी संदेष्ट्यांची वचनं ठाऊक होती, त्यांना हे चटकन उमगलं असेल. यिर्मयानं फळ नसलेल्या अंजिराच्या झाडाचं चित्र आपल्याच लोकांसाठी वापरलं होतं, आणि मंदिर लुटारूंची गुहा झाल्याचा येशूचा ठपकाही मूळ यिर्मयाचाच. म्हणून या कथेचा उपयोग कुणी यहुद्यांना हिणवण्यासाठी करू नये. हा घरातल्या माणसानं घरच्यांना दिलेला इशारा आहे. इसवी सन ७० मध्ये रोमी सैन्यानं ते मंदिर खरोखरच उद्ध्वस्त केलं.

मत्तयानं आपल्या शुभवर्तमानात हीच गोष्ट सलग सांगितली, झाड तिथल्या तिथे वाळवलं. गोष्ट सुटसुटीत झाली, पण मंदिराभोवतीची ती मिठी सुटली. मला मार्कचीच मांडणी मोठी वाटते.

ही कला सर्वांत हृद्य दिसते ती पाचव्या अध्यायात. सभास्थानाचा अधिकारी याईर येशूच्या पायां पडतो: मुलगी मरणाच्या दारात आहे, लवकर चला. सगळे निघतात. वाटेत गर्दीत एक बाई मागून येशूच्या वस्त्राला शिवते. बारा वर्षं तिचा रक्तस्राव थांबलेला नाही, वैद्यांपायी होतं नव्हतं ते संपलं आहे. ती बरी होते, आणि येशू तिथेच थांबून कोण शिवलं ते विचारत राहतो. आपला जीव याईरसाठी कासावीस होतो. बाई थरथरत पुढे येऊन सगळं खरं सांगते, तेही घाईनं नाही. येशू तिला ‘मुली’ म्हणून हाक मारतो, आणि तो बोलत असतानाच निरोप येतो की याईरची मुलगी गेली. मुलगी उठून चालू लागल्यावर, अगदी शेवटी, मार्क तिचं वय सांगतो: बारा वर्षं. एकीसाठी पदर पसरायला वजनदार बाप आहे. दुसरीसाठी बोलणारं कुणी नाही, तिलाच लेक म्हटलं जातं. धर्मनियमानं रक्तस्राव असलेल्या बाईचा स्पर्शही विटाळाचा, प्रेताचाही. येशू दोन्ही ठिकाणी मागे सरत नाही. हे सगळं मार्क एका शब्दानंही समजावत नाही, फक्त गोष्टी शेजारी ठेवतो.

बेथसैदाच्या आंधळ्याला बरं करताना येशूला दोनदा हात का लावावा लागला, हेही अनेकांनी विचारलं आहे. त्याच्या पुढचाच प्रसंग वाचा: पेत्र येशूला ख्रिस्त म्हणून ओळखतो, पण येशूला दुःख सोसावं लागणार हे पेत्राला पटत नाही. दृष्टी आली, पण अर्धीच.

हीच मांडणी आणखी एकदा पाहायची तर आज घरी चौदावा अध्याय काढा आणि त्रेपन्नाव्या वचनापासून मोठ्यानं वाचा. पेत्र अंगणात शेकत बसतो, तोच मार्क आपल्याला आत, अटक झालेल्या येशूच्या चौकशीत नेतो. तिथे येशू आपण कोण हे उघड सांगतो, आणि लोक त्याचे डोळे झाकून, मारत, संदेश सांग म्हणून खिजवतात. मग मार्क पुन्हा अंगणात येतो. पेत्र आपल्याला तीनदा नाकारील हे येशूनं आधीच सांगितलेलं असतं, आणि बाहेर ते अक्षरशः खरं होतं.